जिभेचं टोक

रेश्मानं काकवीचा थेंब बोटावर घेतला आणि सासूच्या वरच्या दातांमागं लावला. "आत्या, जिभेनं चाटा. आन् तिथंच जीभ टेकवून म्हना, त."

बनुबाईंची जीभ हलली, अर्ध्या वाटेत थकली. "प," त्या म्हणाल्या.

"प ओठांचा. ओठ तुमचे कवाच आले."

लकवा मारून तीन महिने झाले होते. नगरच्या दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या, प, ब, म ओठांवर होतात, ते लवकर येतील. त, द, न यांना जीभ दातांपाशी जावी लागते, त्यांना वेळ द्या. रेश्मा वेळ देत होती. सकाळची भाकर, दिवसभर कांद्याची खुरपणी, आणि मग हे. शिकवता शिकवता तिलाच जांभई यायची.

गोठ्यात तांबडी हंबरली. धार काढताना बनुबाई तिला गाणं म्हणायच्या. ते बंद पडलं तशी गाय पान्हा चोरायला लागली. रेश्मा खाली बसली की लाथ.

"आज धार न्हाई दिली तर शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात," रेश्माचा नवरा भीमराज सकाळीच तिला म्हणाला होता. ते ऐकून त्याच्या आईनं भिंतीकडं तोंड फिरवलं होतं.

रेश्मा चरवी घेऊन उठली. बनुबाईंची बाज गोठ्याच्या दारातच होती. रेश्मानं वासरू सोडलं, दोन घोट झाले न झाले तोच ओढून बांधलं. चुलीवर कालवण होतं. तांबडीनं पाय झाडला. शेवटी दमल्या आवाजात रेश्मानंच गाणं धरलं:

"तांबडे गं बाई, दूध दे गं दाटून,
आदी आमी घेऊ, मग लेकीला वाटून..."

"न..."

रेश्मा वळली. बनुबाईंच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. जीभ काकवीच्या जागी टेकली होती. "न्... न्हा."

"न्हाई? काय चुकलं, आत्या?"

बनुबाईंचा चांगला हात उठला, वासराकडं.

रेश्माला खरी ओळ आठवली. आदी लेकीला, मग आमी. "धा वर्सं सुनेचं चुकलेलं काढलं, आता आजारपनातबी सुट्टी न्हाई," असं म्हणत तिनं दावं सोडलं.

वासरू ढुशा देत पीत राहिलं. रेश्मा शेजारी नुसती बसून राहिली. अशी ती कित्येक दिवसांत बसली नव्हती. मग कास भरून आली, आणि चरवीत धार वाजली.

तिनं गायीच्या कुशीला कपाळ टेकलं. "शुक्रवारच्या बाजाराचं मी बोलते यांच्याशी. न आला, आत्या. आता द. म्हना, दूध."

"बा," तिच्या पेंगुळल्या तोंडाकडं बघत बनुबाई म्हणाल्या. "बा..."

"बास?" रेश्माचे डोळे मिटत होते. "बास तर बास. मलाबी लई झोप आलीय."