अनवधानाने

बाईंनी संशोधन मासिकाला पाठवायच्या पत्राचा मसुदा सहा वेळा लिहिला आणि मग नवऱ्यापुढे ठेवला. तो आयुष्यभर वकिली करून निवृत्त झालेला. त्याने चष्मा नाकावर सरकवला, एका जागी पेन टेकवलं आणि एकच शब्द घातला.

"'अकरा चौकड्या अनवधानाने वगळण्यात आल्या.' आता कसं!" तो म्हणाला. "हा शब्द असला की मासिकवाले चार ओळींची दुरुस्ती छापून मोकळे होतील. नसला तर चौकशी लावतील. नाव जाईल, संस्थेने दिलेली खोलीही जाईल. सहासष्टाव्या वर्षी कशाला हात दाखवून अवलक्षण?"



बाईंची सगळी उमर यीस्टमध्ये गेली होती; पाव फुगवणारं तेच साधं यीस्ट. त्याला ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज अशा दोन साखरा एकदम दिल्या, तर ते आधी ग्लुकोजवर ताव मारतं आणि ते संपेपर्यंत गॅलॅक्टोज पचवणारी जनुकं बंद ठेवतं. समोर ग्लुकोज आहे हे त्या एवढ्याशा जिवाला कळतं कसं, हा बाईंचा प्रश्न होता. तीस वर्षांपूर्वी त्यांना असं एक वाण सापडलं, की ज्याला ग्लुकोजची चाहूलच लागत नसे. प्रयोगशाळेत त्याचं नाव पडलं 'बहिरं'. हे बहिरेपण एकाच जनुकाच्या बिघाडाने येतं, असं बाईंनी छापलं, आणि त्या एका लेखावर पुढची सगळी कारकीर्द उभी राहिली.

पुरावा चौकड्यांचा होता. बहिऱ्याचं धडधाकट यीस्टशी लग्न लावलं की पुढे चार-चार बीजाणूंच्या पिशव्या, म्हणजेच चौकड्या, तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या बारीक सुईने ते चार सुटे करायचे आणि वाढवायचे. दोष एकाच जनुकात असेल तर चारांत दोन बहिरे, दोन ऐकणारे. बाईंची एक विद्यार्थिनी हे काम इतक्या सफाईने करायची, की तिला सगळे 'सुई'च म्हणत. तिच्या चाळीस चौकड्यांपैकी एकोणतीस बरोबर आल्या. अकरांत बहिरा एकेकच निघाला.

"मॅडम, दुसरं जनुक असणार. पहिल्याच्या शेजारीच कुठेतरी," सुई म्हणाली होती.

"तुझा हात हलला असणार," बाई म्हणाल्या होत्या. चारचौघांसमोर. त्या अकरा चौकड्या लेखात आल्याच नाहीत.

वर्षभरात सुई संशोधन सोडून गेली. आणि आता, गेल्या महिन्यात, नव्या यंत्रावर बहिऱ्याची सगळी जनुकं वाचून झाली, तेव्हा जवळच्याच एका जनुकात दुसरा बिघाड निघाला. दोन्ही बिघाड एकाच बीजाणूत आले तरच बहिरेपण येत होतं; वाटणीत ते वेगळे पडले की चारांत बहिरा एकच निघे.

मसुदा पिशवीत घालून बाई सुईला भेटायला गेल्या. ती एका वंध्यत्व उपचार केंद्रात काम करत होती. दारात चपलांवर निळी प्लास्टिकची आवरणं चढवावी लागली. बसायच्या खोलीत जोडपी एकमेकांकडे न बघता बसली होती. सुईने बाईंना बाजूच्या छोट्या खोलीत नेलं.

"केस पांढरे झाले की हो, मॅडम."

"तुझे बरे काळे राहिले?"

"रंगवते. इथे माणसं आशेवर येतात. म्हातारी दिसली की बिचकतात."

"काम काय असतं?"

"तेच. काचेची सुई. फक्त आता बीजांडात टोचायची. हात हलत असता तर लोकांनी कधीच हाकललं असतं."

ती हसली. बाईंना हसता आलं नाही. त्यांनी मसुदा पुढे केला. सुईने तो उभ्यानेच वाचला आणि एका जागी बोट ठेवलं.

"अनवधानाने. हा शब्द वकीलसाहेबांचा ना?"

"हो."

"वाटलंच. तुमचा नाही वाटला." ती समोर बसली. "एक सांगा मॅडम. माझा हात हलला, असं तुम्हाला खरंच वाटलं होतं? वाटलं असेल तर शब्द बरोबर आहे. माझी काही तक्रार नाही."

'हो' म्हणायला काहीच हरकत नव्हती. दुसऱ्या कोणाला काही ठाऊक नव्हतं. लेख पाठवण्याच्या आधीच्या रविवारी बाई एकट्याच प्रयोगशाळेत गेल्या होत्या. स्वतःच्या हाताने त्यांनी दहा चौकड्या सोडवल्या. काही दिवसांनी पाहिलं, तर तीन चौकड्यांत बहिरा एकेकच. बीजाणू वाढवलेल्या त्या काचेच्या बशा त्यांनी टाकून दिल्या आणि वहीत एक अक्षर लिहिलं नाही.

"नव्हतं वाटलं," बाई म्हणाल्या. "मी स्वतः करून पाहिलं होतं. दहातल्या तीन तशाच आल्या."

सुईने मसुदा मांडीवर पालथा ठेवला.

"मला हे जमत नाही, असं मी घरी आईला सांगत होते," ती म्हणाली, "तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"दोन वर्षं मी सुईला शिवले नाही. भाजी चिरताना सुरी थांबवून हाताकडे बघत बसायचे. आई म्हणायची, अगं, हात आहे तो, आरसा नव्हे."

दारावर टकटक झाली. नर्सने डोकं आत घातलं. "ताई, तयार आहे."

सुई उठली. बाईही उठल्या. "मी तुझी माफी..."

"मागू नका. मागितलीत की मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. आज डोकं शांत हवंय. आत त्या दोघांचं शेवटचं बीजांड आहे." तिने मसुदा बाईंच्या हातात परत दिला. "यात काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. मी कोणाला काही सांगायला जाणार नाही."

ती गेली. बाई बाहेर बसायच्या खोलीत येऊन एका खुर्चीवर बसल्या. नवऱ्याने घातलेला शब्द त्यांनी खोडला. मग 'वगळण्यात आल्या' हेही खोडलं, कारण त्यात कोणीच माणूस नव्हता. वर लिहायला जागा थोडी होती, अक्षर दाटीवाटीने आलं. त्यांनी घरी फोन लावला.

"अहो, संगणक चालू आहे ना? सांगते ते लिहून घ्या. 'अकरा चौकड्या बरोबर आहेत हे माहीत असताना मी वगळल्या.'"

"अगं, हे म्हणजे स्वतःहून कबुलीजबाब झाला."

"हो."

"तिने माफ केलं का?"

"माफी मागू दिली नाही," बाई म्हणाल्या. "लिहिताय ना? पुढचं वाक्य त्या विद्यार्थिनीच्या हाताबद्दल आहे. तिचं पूर्ण नाव घाला."