किटलीसारखा हंस

लिंडन फेरी गावाच्या झेंड्यावर पन्नास वर्षं एक हंस उडत होता, आणि गावात त्याला कोणी हंस म्हणत नव्हतं. सगळे किटली म्हणायचे. अर्थात आर्लिस ट्वेट समोर नसताना. तिच्या तोंडावर म्हणायचे, "छान आहे हो आपला झेंडा. वेगळाच आहे." आमच्या विस्कॉन्सिनमध्ये एखाद्या गोष्टीला 'वेगळी' म्हटलं, की समजणाऱ्याने काय ते समजून घ्यावं.

आर्लिसला समजत होतं. १९६९ साली गावाला शंभर वर्षं झाली म्हणून झेंड्याची स्पर्धा झाली होती. त्यात बारा वर्षांच्या आर्लिसचं चित्र पहिलं आलं. खाली निळी नदी, वर पिवळं आभाळ आणि मधोमध काळा हंस. पुढे तिने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, पण नगरपालिकेसमोरून जाताना एकदाही मान वर करून पाहिलं नाही.

कारण तो हंस नव्हताच. चित्र द्यायच्या आदल्या दिवशी शाईची बाटली कलंडली आणि आभाळाच्या बरोबर मध्यावर डाग पडला. घरात दुसरा कागद नव्हता. पोरीने डागाला मान जोडली, चोच काढली, पंख काढले. मान झाली तोटीसारखी, वरचा पंख झाला कडीसारखा. बक्षीस देताना नगराध्यक्षांनी विचारलं, "बाळ, हंसच का काढलास?" आर्लिस घाबरली. तोंडाला आलं ते बोलून गेली, "हंस दर वसंतात परत येतो. तसा आपल्या गावचा माणूस कुठेही गेला तरी परत येतो." नगराध्यक्षांचा मुलगा तेव्हा व्हिएतनामच्या लढाईवर होता. त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले. पुढच्या वर्षी मुलगा धडधाकट घरी आला, आणि ते वाक्य नदीकाठच्या दगडावर कोरलं गेलं. त्यानंतर खरं सांगायची सोयच उरली नाही.

म्हणून यंदा नव्या झेंड्याची स्पर्धा जाहीर झाली तेव्हा आर्लिसच्या जिवाला जे बरं वाटलं, ते तिचं तिलाच ठाऊक. आठवडाभर ती भांडी घासताना गुणगुणत होती. मग मंगळवारी समितीची प्रमुख, वाचनालयातली जॉस्लिन, दारात उभी राहिली.

"मिसेस ट्वेट, आनंदाची बातमी आणलीय," ती म्हणाली. "आम्ही नियमच केलाय. नव्या झेंड्यावर तुमचा हंस असलाच पाहिजे, जसाच्या तसा. नसेल तर चित्र बाद."

"अगं, एवढं कशाला करता," आर्लिस म्हणाली.

"तुम्ही असंच म्हणणार, हे मी समितीत सांगितलंच होतं."

"नाही गं, खरंच नको."

"हेसुद्धा सांगितलं होतं," जॉस्लिन हसून म्हणाली.

आमच्याकडे तीनदा नाही म्हटल्याशिवाय कोणी तो नकार धरत नाही. तिसऱ्यांदा म्हणायला आर्लिसने तोंड उघडलं, तोवर जॉस्लिन गाडीत बसून हात हलवत होती.

शनिवारी निवड होती. त्या दिवशी लोक जे चित्र निवडतील ते पाण्याच्या टाकीवर रंगवलं जाणार, शाळेत लागणार, पोलिसांच्या बाहीवर शिवलं जाणार. म्हणजे किटली आणखी पन्नास वर्षं, आपण मेल्यावरही. आर्लिसला घास जाईना. शेवटी शुक्रवारी तिने नवऱ्याला, व्हर्लिनला, सगळं सांगितलं. तो होडीचं इंजिन उघडून बसला होता.

"डाग होता?" त्याने विचारलं.

"डाग."

"मग सांगून टाक ना."

"दगडावर कोरलंय, व्हर्लिन. शाळेतली पोरं पाठ करतात. लोक काय म्हणतील?"

व्हर्लिनने हात पुसले. "लोक किटली म्हणतात, आर्ल. अजून काय म्हणायचं राहिलंय?"

लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती. तो शब्द त्याने तिच्यासमोर पहिल्यांदा काढला. आर्लिसला राग यायला हवा होता, पण हसू आलं.

शनिवारी दुपारी वाचनालयाच्या तळघरात ही गर्दी. भिंतीवर अठरा चित्रं आणि अठरा किटल्या. आवडलेल्या चित्राखाली गोल टिकली चिकटवायची होती, आणि पहिल्या टिकलीचा मान आर्लिसचा. ती एकेका चित्रासमोरून चालत निघाली. मागून सगळे तिचा चेहरा न्याहाळत होते.

ड्युएन ऑस्बी आपल्या चित्रापाशी उभा होता. त्याने चाळीस वर्षं गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. हिरव्या रंगावर नदीचं एकच पांढरं वळण, बस्स. इतकं देखणं, की पाहिलं की गाव ओळखावं. आणि वरच्या कोपऱ्यात दुधात माशी पडावी तशी किटली. ड्युएन असा तिरका उभा होता, की त्याच्या खांद्याआड तेवढाच कोपरा झाकला जात होता.

"ड्युएन, जरा बाजूला हो," आर्लिस म्हणाली.

"हो, हो," तो म्हणाला, पण हलला नाही.

"हंस नसता तर हे कसं दिसलं असतं?"

ड्युएन कानापर्यंत लाल झाला. "तसा कधी विचार केला नाही."

इतका चांगला माणूस आपल्यासाठी खोटं बोलतोय, हे काही तिला सोसेना. ती लोकांकडे वळली.

"तो हंस नाही," ती म्हणाली. "शाईचा डाग आहे. बाटली सांडली, दुसरा कागद नव्हता, म्हणून मी त्याला चोच काढली. आणि दगडावरचं ते वाक्य भीतीपोटी उभ्या उभ्या बनवलं. झेंड्यावर तो नको मला. कधीच नको होता."

जॉस्लिन पुढे आली, तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "मिसेस ट्वेट, आम्हाला मोकळं करायला तुम्ही असं म्हणताय. आम्हाला कळतं."

"जॉस्लिन, आता तिसऱ्यांदा सांगते. नको."

तिसऱ्यांदा म्हटल्यावर मात्र उपाय नव्हता. जॉस्लिनने खोलीभर पाहिलं. ड्युएन खाकरला, कोटाच्या आतून कागदाची गुंडाळी काढली आणि म्हणाला, "हे आपलं सहज काढून ठेवलं होतं. रंग उरला होता म्हणून." उलगडलं तर तेच हिरवं, तेच वळण, कोपरा स्वच्छ. मग एका बाईने पिशवीत हात घातला. दोघं "गाडीतून काहीतरी आणतो" म्हणत बाहेर पळाले. अठरापैकी चौदा जणांनी बिनहंसाचं दुसरं चित्र करून ठेवलं होतं, आणि चौदाही जणांना वाटत होतं, की गावात एवढा दुष्ट आपण एकटेच.

"आणि दगडाचं काय करायचं?" कोणीतरी विचारलं.

"दगड राहू दे," ड्युएन म्हणाला. "मी दोनदा गाव सोडलं, दोनदा परत आलो. हंस डाग निघाला म्हणून वाक्य खोटं होत नाही."

हात वर करून नियम रद्द झाला. नवी चित्रं जुन्यांवर टाचली गेली, आणि लोक एकदम मोठमोठ्याने बोलायला लागले. खोलीतला कोंडलेला वारा सुटल्यासारखं झालं. आर्लिसने आपली टिकली ड्युएनच्या वळणाखाली लावली आणि ती कॉफीच्या टेबलाकडे गेली. ताटात लिंबाच्या वडीचा एकच तुकडा उरला होता. शेवटचा तुकडा आमच्याकडे कोणी उचलत नाही. एक जण त्याचा अर्धा घेतो, दुसरा उरल्याचा अर्धा, आणि शेवटी नखाएवढी वडी ताटासकट घरी जाते. आर्लिसने तो तुकडा अख्खा उचलला आणि उभ्यानेच, सावकाश, खाल्ला.

"लागलीय का भूक?" व्हर्लिनने विचारलं.

"मंगळवारपासून," ती म्हणाली आणि बोटं चाटली.