रोटाव्हेटरला चिकटलेली माती

माझं तोंड वाईट, हे सोनईत कुनालाबी इचारा. पन त्याच तोंडापायी मला अशी मान खाली घालावी लागंल, असं वाटलं नव्हतं.

दिवाळीआधी मी माझ्या रानात ढेकळं फोडायला ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर मारला. आदल्या साली तिथला हरभरा मर रोगानं पार वाळून गेल्ता. तिथनं ट्रॅक्टर तसाच शेजारी रशीदच्या रानात भाड्यानं मारायला नेला. रशीद फाटकाशी पान्याचा ड्रम भरून, खराटा घेऊन उभा. म्हनला, "रामहरीभाऊ, पाती तेवढी धुऊन घ्या. तुमच्याकडची माती चिकटलीय."

डोकंच फिरलं माझं. "वीस वर्सं ट्रॅक्टर हाकतोय मी! माझ्या मातीचा विटाळ होतो व्हय रं तुला?" रस्त्यावर चार मानसं ऐकत हुती. रशीद बाजूला झाला आन मी ट्रॅक्टर न धुताच आत घातला.

पेरनी झाल्यावर सव्वा महिन्यात त्याच्या फाटकाजवळचा हरभरा माना टाकायला लागला. मी पारावर सांगत सुटलो, रशीदनं बीच भिकार आनलं!

मग कृषी केंद्राच्या निकिता मॅडम आल्या. तीच चार मानसं बघायला जमली. मॅडमनी रोप उपटून मूळ उभं चिरलं. आत काळपट रेघ. मग बांधावर येऊन माझ्या रानातली माती हुंगली.

"जिवंत मातीचा वासच नाही हिला," त्या म्हनल्या. "ही मर रोगाची बुरशी नुसतं पीक मारत नाही. मेलेल्या मुळांवर वर्षानुवर्षं टिकते, मातीतल्या बाकीच्या जिवांची घडी मोडते. त्यात तुम्ही औषधं ओतलीत, चांगल्या बुरश्याही मेल्या. हिला रान मोकळं!"

"मग रशीदचं समदं रान कसं न्हाई गेलं?" मी गुर्मीतच इचारलं.

"शेणखत घालतात, पिकाची फेरपालट करतात. त्यांच्या मातीत हिच्याशी झुंजणारे जीव पुष्कळ आहेत. दोन गुंठ्यांतच अडवलीय तिला. पण फाटकापासून सरळ पट्टा गेलाय. औजार कुणाचं होतं?"

रशीदनं माझ्याकडं बघितलंसुदिक न्हाई, तोच म्हनला,

"औजार कुनाचं बी असू द्या, मॅडम. रान माझं. धुऊन घ्यायचं काम माझं हुतं."

"मग घेतलं का नाहीत? एवढंही कळत नाही?" मॅडम त्याच्यावरच कडाडल्या. एवढ्या वर्सांत त्यानं ती माती पोटच्या पोरागत जपलेली, आन माझ्यापायी खाली मान घालून बोलनी खात हुता. मला माझीच किळस आली.

"त्याला बोलू नका," मी म्हनलो. "त्यानं ड्रम भरून ठेवला हुता. मीच धुतलं न्हाई. वर त्याला नाही नाही ते बोललो. ह्या मानसांना इचारा."

मी रशीदच्या रानाकडं पाऊल टाकलं. माझ्या पायतानाला माझ्याच रानातला चिखल हुता. रशीद फाटकाशी गेला, ड्रममधनं तांब्या भरून आनला आन माझ्यापुढं धरला.

"आत यायच्या आदी तेवढे पाय धुवा, भाऊ."