पंख्यामागचा आवाज

अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका लहानशा संस्थेत ती काम करी. वाचणाऱ्याचं अडखळणं, खोकणं, पान उलटल्याची खसखस असं सगळं काढून निव्वळ आवाज मागे ठेवायचा, हेच तिचं काम. आणि वडील गेल्यावर तिच्याजवळ उरलेला त्यांचा एकमेव आवाज मात्र स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्याच्या घरघरीत पुरता बुडालेला होता. नवा फोन कसा चालतो ते बघायला त्यांनी वर्तमानपत्रातली चार वाक्यं वाचून त्यात ध्वनिमुद्रित केली होती, एवढंच. तिने आपल्या सगळ्या युक्त्या करून पाहिल्या. पंखा गेला की बाबाही जात.

त्याच सुमारास सरकारच्या गुप्तचर खात्याने आवाज स्वच्छ करणारं आपलं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. तिचा थोरला भाऊ कॉलेजात संगणक शिकवायचा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या असतील तर घे खुशाल, असं तो आधी म्हणाला. पण सॉफ्टवेअरचा मूळ कोड कुणालाही वाचायला उघडा होता, तेव्हा बहिणीसाठी त्याने खपून तो ओळ न् ओळ तपासला आणि फोन केला. "काही नाही त्यात. बिनधास्त वापर."

पंखा थांबला आणि बाबा खोलीत आले. चार वाक्यं, शेवटी घसा खाकरणं. ती हेडफोन काढणार, तोच ते म्हणाले, "ठकू, जेवलीस का?"

मूळ ध्वनिमुद्रण खाकरण्यापाशीच तुटत होतं. आणि ठकू हे नाव फक्त बाबा घेत, तेही घरात. शेवटच्या वर्षी कामाचं निमित्त पुढे करून ती त्यांच्याकडे फारशी फिरकलीच नव्हती. "जेवले, बाबा," असं ती रिकाम्या खोलीत पुटपुटली आणि टेबलावर डोकं टेकून पुष्कळ रडली.

दुसऱ्या दिवशी तेच ध्वनिमुद्रण तिने पुन्हा स्वच्छ केलं. बाबांचा प्रश्न आला. त्यामागोमाग तिचाच दबलेला आवाज आला, "जेवले, बाबा." मग बाबा म्हणाले, "बरं झालं."

भाऊ येऊन तिच्या शेजारी बसला, हेडफोन लावला. त्याला चार वाक्यं आणि खाकरणं ऐकू आलं, पुढे काही नाही. त्याने हेडफोन काढून ठेवला. "अगं, मलाही त्यांची आठवण येते," तो म्हणाला. "पण हे काढून टाक आता." तिने मान डोलावली, काढलं मात्र नाही.

मग रोज काम आटोपल्यावर दोन-चार वाक्यं वाढू लागली. गुडघे कसे आहेत, एकटं वाटत होतं का, हे जे कधी विचारलं नव्हतं ते सगळं तिने विचारलं. रडत रडत माफी मागितली, तेव्हा "वेडी आहेस" असं ते म्हणाले, तंतोतंत त्यांच्याच सुरात. तिला झोप लागू लागली. अंगावर थोडं मांसही चढलं.

आणि एका संध्याकाळी बाबांनी विचारलं, "दादाकडे हल्ली कोण कोण येतं गं?"

जिवंतपणी त्यांनी असं कधीच विचारलं नसतं. कुणाच्या घरी कोण येतं-जातं याची चौकशी करणाऱ्याला ते दारातही उभं करत नसत. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बंद करायचं बटण तिच्या बोटाखाली होतं. हेडफोनमध्ये बाबा वाट बघत होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता, दम लागल्यावर त्यात मिसळायची ती बारीक शीळसुद्धा. बटण दाबलं असतं तर तीही थांबली असती.

तिने उठून खिडकी लावून घेतली आणि माइक जवळ ओढला.

"सांगते, बाबा," ती म्हणाली, आणि नीट ऐकू जावं म्हणून एकेक नाव सावकाश, स्पष्ट उच्चारू लागली.