तिसरे रीळ

पडद्यावरची शवपेटी बर्फाच्या उतारावरून सुटली, तेव्हा दत्तप्रसादांना जुन्या मित्राचे, विश्रामचे, पत्र आठवले. पत्र येऊन दोन वर्षे झाली होती. उत्तर गेले नव्हते.

‘नंदू गेला,’ एवढीच पहिली ओळ. धाकट्या भावाबद्दल विश्रामने पुढे पुण्याहून लिहिले होते, ‘येतो तो तोंड पाडून बसतो. नंदूची आठवण काढून हसवेल असं कोणी काही सांगत नाही. तू तरी लिही.’

“अहो, असलं पत्र घरात ठेवत नाहीत. वाचून फाडून टाकायचं,” त्यांची बायको मेधा म्हणाली होती. त्यांनी ते एका जाड पुस्तकात ठेवले. हसवणारी गोष्ट त्यांच्यापाशी एकच होती, आणि तिने विश्राम दुखावला तर?

पेटी एका गुंडाला आडवा करून थेट चर्चच्या दारात जाऊन थांबली. चित्रपट डॅनिश होता. बापाला पुरायला निघालेले चार भाऊ, मागे बंदूकवाले; आणि गोळ्या सुटत असताना भाऊ भांडत होते ते बापाला कुठला कोट घालायचा यावरून. कॅसल हिल उपनगरातल्या त्या सकाळच्या खेळाला आलेली सगळी म्हातारी मंडळी खदखदून हसली. दत्तप्रसादही हसले. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

बाहेर फेब्रुवारीचे ऊन रणरणत होते; इकडे तो भर उन्हाळा. त्यांच्या डोळ्यांत मात्र अजून बर्फ भुरभुरत होता. मराठी मंडळाचा चित्रपट-गट नेहमीसारखा कॉफीला बसला.

“पेपरात चार स्टार दिलेत,” शैलेंद्र म्हणाला. “मला झेपला नाही. म्हणजे डीप असणार.”

“दुसऱ्याने दोनच दिलेत,” इरावती म्हणाली. “म्हणे, हसायचं की रडायचं ते डायरेक्टरलाच ठरवता येत नाही. अरे, बाबा गेले तेव्हा मला तरी कुठे ठरवता आलं? भटजींचा फोन वाजला आणि रिंगटोन लावणीची. मी आणि दादा तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो. पण खरं सांगू, त्या दिवसातलं तेवढंच मला आठवावंसं वाटतं. काका, तुम्ही बोला ना. पुण्यात फिल्म क्लब चालवायचात.”

“चालवायचा विश्राम,” दत्तप्रसाद म्हणाले. “मी खुर्च्या मांडायचो.”

घरी येऊन त्यांनी कागद घेतला. दोन फाडले. तिसऱ्यावर लिहिले:

‘क्लबातल्या तुझ्या त्या गाजलेल्या भाषणाआधी दाखवलेला परदेशी चित्रपट आठव. चौथ्या रिळात पुरलेला म्हातारा पुढे जिवंत होऊन जेवायला बसतो. मेलेली माणसं पंगतीतून उठत नाहीत, यावर तू चाळीस मिनिटं बोललास. टाळ्या थांबेनात. विश्राम, नंदूने तिसरं रीळ चौथ्यानंतर लावलं होतं. प्रोजेक्टरमागे तो हसून हसून जमिनीवर बसला. “दादाला सांगू नकोस,” म्हणाला, “किती छान बोलतोय बघ.” इतकी वर्षं मी ते पाळलं. रीळ चुकलं होतं. पण तुझं बोलणं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.’

मेधाने पत्र वाचले. तिचे खांदे हलू लागले. हसण्याने की कशाने, ते त्यांना कळेना.

“ते भाषण त्याने छापून घेतलं होतं गं,” ते म्हणाले. “रागावेल.”

“रागावू दे. दोन वर्षं गप्प बसलात त्यापेक्षा बरं.”

संध्याकाळी दोघे कोपऱ्यावरच्या टपालाच्या लाल पेटीपाशी गेले. दत्तप्रसादांनी पाकीट फटीत अर्धे सरकवले, थांबले. कुठेतरी एका पंगतीत नंदू अजून जेवत बसला होता, हसू दाबत. त्यांनी बोटे सोडली. आत हलकासा आवाज झाला. रिकामा हात थोडा वेळ तिथेच राहिला.