सीताफळीखालचं अस्वल

कोथळखेडच्या नाल्यात अस्वल उतरलं ते नेमकं दिवाळीच्या सुट्टीत. शाळा चालू असताना उतरलं असतं तर गावातल्या पोरांनी त्याची आरती केली असती. पण ते सुट्टीत आलं, आणि पोरांचं नाल्यात डुंबणं, माळावर हिंडणं, कापूसवेचणीच्या बायांमागे उनाडणं, सगळं एका सकाळी बंद झालं.

पाहिलं ते गावच्या जागल्याने, गुलाबरावाने. पहाटे टमरेल घेऊन तो नाल्याकडे गेला होता. अजून धड उजाडलं नव्हतं. काठच्या सीताफळीखाली काहीतरी काळं, केसाळ, पाठमोरं बसलेलं त्याला दिसलं. ते सीताफळं खात होतं आणि मधूनमधून छातीतून घुरघुरत होतं. एवढं पाहिल्यावर गुलाबराव तिथं कशाला थांबतो? टमरेल टाकून तो जो पळाला तो चावडीवर येऊनच टेकला. सकाळी त्याचं अस्वल गोऱ्ह्याएवढं होतं. दुपारपर्यंत त्याला दोन पिल्लं झाली आणि दिवस मावळेपर्यंत ते म्हशीच्या मापाला पोचलं.

बरं, खोटं तरी कसं म्हणावं? वर घाटात जंगल आहे, जंगलात अस्वलं आहेत, आणि कधीमधी एखादं खाली उतरतंच.

गल्लीत शब्द चालायचा तो रामरावांचा. त्यांनी ओट्यावर बसून निकाल देऊन टाकला, "शाळा उघडली का पोट्टे जातीन मोठ्या माणसासंग. पोरीईचं आता पुरे झालं. अस्वल काही पाटी-दप्तर पाहून सोडत नाई." शाळा होती नाल्यापलीकडे. नवी जिल्हा परिषद झाली, तिने नवी कौलं घातली, पण शाळा काही अलीकडे आणली नाही. रामराव आपल्या नातीला घरी बसवतात म्हटल्यावर बाकीच्या घरांनीही मान डोलावली. खरं सांगायचं तर काही घरं अशा निमित्ताची वाटच पाहत होती. कापूस फुटलेला, घरात तान्ही पोरं, आणि ती सांभाळायला दहा वर्षांची पोरगी आयतीच सापडत होती.

रामरावांची ही नात म्हणजे सिंधू. चौथीत होती आणि शाळेवर तिचा भारी जीव. आजोबांचं बोलणं तिने मुकाट ऐकलं, दप्तर खुंटीला अडकवलं आणि गोठ्यामागे जाऊन रडली. तिला तिथं पाहिलं ते तिच्या काकूने, अन्नपूर्णाने.

अन्नपूर्णा घरातली धाकटी सून. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. माहेर घाटावरचं, अगदी जंगलाला लागून. सातवी झाल्यावर तिचीही शाळा अशीच सुटली होती आणि ते दुखणं अजून ताजं होतं, म्हणून सिंधूचं रडणं तिच्या काळजाला भिडलं. पण बोलणार कोणाजवळ? त्या घरात सून सासऱ्यापुढे बोलत नसे. काही सांगायचं झालं तर तिने दाराआड उभं राहून पोराला सांगायचं, आणि पोराने आजोबांना. "सिंधू, आजोबाले म्हणा, जेवण वाढलं." "सिंधू, तुह्या काकूले म्हणा, आलोच." दोघं चार हातांवर, दोघांचे कान शाबूत, आणि मधे ही पोरगी एकच गोष्ट दुसऱ्यांदा बोलणार. भाकरीपाण्याचं त्यावर भागत असे. पोरीची शाळा मागायला ही वाट फार अरुंद होती.

वेचणी ऐन भरात. सासू तानुबाई, जाऊ गीताबाई, घरातले पुरुष, सगळे शेतात. घरी राहिली अन्नपूर्णा, आणि तिच्या गळ्यात सिंधू, तिचा भाऊ शेषू, धाकटी बेबी, शिवाय कुंपणावरून उड्या मारून आलेल्या गल्लीतल्या पोरी. पहिल्याच दिवशी त्यांनी माजघरातल्या कापसाच्या ढिगात उड्या मारून ढीग अंगणात आणला आणि एक कोंबडी गेरूने रंगवली. अन्नपूर्णाने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "ज्याच्यापायी घरात कोंडून घेतलं, ते अस्वल आहे तरी कसं, कोणाले माहीत आहे?"

कोणालाच माहीत नव्हतं. शेषू म्हणाला, ते माणसाला गुदगुल्या करून मारतं.

"म्हणजे भेता, अन् कोणाले भेता ते माहीत नाई," अन्नपूर्णा म्हणाली. "चला, आपण अस्वल शिकू."

आणि त्या अंगणात अस्वलाची शाळा भरली. आधी चालणं. हात-पाय टेकून, पंजे आत वळवून, ढुंगण हलवत कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत जायचं आणि यायचं. बेबी सगळ्यात चांगलं अस्वल निघाली, कारण ती अजून दोन पायांवर फारशी रुळलीच नव्हती. मग चिखलाची अस्वलं झाली. वाळल्या गवताचे केस, गुंजांचे डोळे. गोठ्याच्या भिंतीवर गेरूने बारा महिने आखले आणि कोणत्या महिन्यात अस्वल काय खातं ते काढलं. चैत्रात मोहाची फुलं, मग जांभळं, पावसाळ्यात वारुळातली वाळवी, दिवाळीला सीताफळं, थंडीत बोरं. महिने पाठ नसलेल्या शेषूला अस्वलाच्या पोटापायी सगळे महिने पाठ झाले. जांभळं काढताना मात्र त्याने एवढी काढली की आषाढ जागेअभावी बाहेर राहिला.

एक दिवस चुलीतली राख चाळून तिने अंगणात पसरली. पोरांना तिच्यावरून चालायला लावलं. मग राखेत मूठ दाबून, पुढे कपाशीच्या वाळल्या बोंडाची टोकं रोवून अस्वलाचं पाऊल उठवून दाखवलं. "माणसाचं मोठं बोट आतल्या अंगाले, याचं बाहेरच्या. अन् याची नखं बोटाच्या पुढं टोचतात. माणसाले एवढी नखं असती तर तानुआजीनं कवाच कापली असती." पोरी हसल्या, आणि विसरल्या नाहीत.

खाण्याचाही खेळ झाला. माणूस सीताफळ फोडतो, बिया थुंकतो. अस्वल कसलं थुंकतंय, ते बियांसकट गिळतं आणि सालं पायदळी तुडवतं. हा धडा सगळ्यांना फार आवडला आणि पुन्हा पुन्हा करावा लागला. ओट्यावर बसलेले रामराव तेवढं मात्र टक लावून पाहत. मलकापूरच्या डॉक्टरने त्यांना साखरेचा विकार सांगून गोड बंद केलं होतं, आणि तानुबाईचा पहारा असा की दिवाळीत त्यांना अनारशाचा वासही नीट घेता आला नाही. त्यात खोकला जडलेला. छातीला कापराचं तेल चोळून, काळी घोंगडी पांघरून ते खोकत बसायचे आणि पोरांवर खेकसायचे. पण एकदा न राहवून म्हणाले, "सिंधू, तुह्या काकूले म्हणा, अस्वल असं नाई गुरगुरत. जरा खालून, पोटातून."

सुट्टी संपत आली तशी चिखलाची माती संपली. माती मिळायची ती नाल्यावरच, म्हणून रामराव ओट्यावर नाहीत असं पाहून अन्नपूर्णाने गुलाबरावाला गाठलं. भर दुपारी, हातात काठी, गळ्यात वाजवायला डबा, असा तो पुढे आणि अन्नपूर्णासकट पोरांची रांग मागे, अशी स्वारी नाल्यावर गेली. गुलाबरावाने ती सीताफळी लांबूनच दाखवली आणि स्वतः उंचावर उभा राहून डबा बडवू लागला.

सिंधू झाडाखाली गेली आणि उकिडवी बसली. तिथं सीताफळाची सालं होती. नीट दोन भाग केलेली, वाट्या ठेवाव्यात तशी एकात एक रचलेली. शेजारी थुंकलेल्या बियांचा लहानसा ढीग. ओलसर मातीत पाऊल उठलं होतं. मोठं बोट आतल्या अंगाला, पुढे नखांचं एकही भोक नाही. फांदीच्या खुंटाला काळ्या केसांचा झुबका अडकला होता. तिने तो काढला, चोळला, हुंगला. कापराचा वास आला.

तिने काकूकडे पाहिलं. काकूने तिच्याकडे पाहिलं. वर गुलाबराव ओरडला, "केस सापडले ना? मी सांगतलं होतं." अन्नपूर्णाने पदर तोंडात कोंबला. हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच पाण्यात भीतीही आली. आता हे सासऱ्यांना सांगायचं कोणी?

शाळा दुसऱ्या दिवशी उघडणार होती. संध्याकाळी तानुबाई शेजारी गेलेली पाहून अन्नपूर्णा दाराआड उभी राहिली. सिंधू उंबऱ्यात, रामराव ओट्यावर.

"सिंधू, आजोबाले म्हणा, नाल्यातलं अस्वल सीताफळाच्या बिया थुंकते अन् सालं एकात एक रचून ठेवते."

सिंधूने सांगितलं.

"तुह्या काकूले म्हणा, मोठं शिस्तीचं अस्वल दिसते."

"म्हणा, त्याच्या पायाले नखं नाईत."

सिंधूने तेही सांगितलं.

"म्हणा, त्याच्या केसाले कापराच्या तेलाचा वास येते."

रामरावांचा हात आपोआप घोंगडीच्या काठावर गेला. अन्नपूर्णाने दाराआडून ते पाहिलं. घरात येऊन वर्षही न झालेली सून, आणि सासऱ्याला अस्वल ठरवायला निघाली. ती घाईने म्हणाली, "सिंधू, म्हणा, काकूची पाहण्यात चूक झाली अशीन."

हा निरोप सिंधूने पोचवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने मधल्यामधे निरोप टाकून दिला आणि आजोबांसमोर जाऊन बसली. "आजोबा, अस्वल तुमीच होते. मले शाळेत जाऊ द्या."

रामराव तिच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे गुलाब्यानं मले पायलं?" ते हळूच म्हणाले. "मी तर समजून राह्यलो का ते माह्या मागंच बसून होतं, अन् मी देवाच्या किरपेनं वाचलो. तवापासून झोप नाई मले, पोरी. वाटे, मी म्हातारा वाचलो, पण तू सापडली तर?" त्यांना हसू फुटलं, हसण्यात खोकला मिसळला, आणि तो आवाज ऐकल्यावर गुलाबरावाला दोष देणं अन्नपूर्णालाही जमलं नाही.

"जाय," ते डोळे पुसत म्हणाले. "उद्यापासून जाय शाळेत."

सिंधू उठली नाही. "अन् बाकीच्या पोरी?"

"त्याईचे बाप पाहतीन."

"त्याईच्या बापाले तर अजून अस्वलच दिसून राह्यलं."

आता हसू मावळलं. ती काय मागते आहे ते रामरावांना नीट कळलं. चावडीवर, सगळ्या गावासमोर, स्वतःच्या तोंडाने सांगायचं की पहाटे घोंगडी पांघरून चोरून सीताफळं खाणारा मी. आणि चावडीवर बोललेलं तानुबाईच्या कानी जायला विडी ओढण्याइतकाही वेळ लागत नाही. ते अंगणाकडे पाहत बसले. अन्नपूर्णाला त्यांची दया आली. तरी मनातून ती म्हणत होती, उठा, मामंजी, उठा.

रामराव उठले. पटका बांधला आणि घोंगडी घेऊन निघाले. पाठोपाठ शेषू पळाला, म्हणून पुढची हकीकत घरी आली. भरल्या चावडीत ते सगळ्यांकडे पाठ करून, घोंगडी डोक्यावरून घेऊन उकिडवे बसले, खोकले आणि म्हणाले, "पाह्य बे गुलाब, हेच होतं का?"

गुलाबरावाने पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मग म्हणाला, "हेच. पण ते मोठं होतं."

चावडी अशी हसली की तो आवाज दोन गल्ल्या ओलांडून अन्नपूर्णाला ऐकू आला. तानुबाईने मात्र त्या रात्री नवऱ्याला कारल्याची भाजी वाढली, आणि परत वाढली, आणि ताट स्वच्छ होईपर्यंत समोरून हलली नाही.

सकाळी रामराव काठी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. एकेका दारातून पोरी बाहेर पडल्या. तेल लावलेल्या वेण्या, घासलेल्या पाट्या. म्हाताऱ्या झुंबरबाईंच्या दारात मात्र त्यांची नात पंची तान्ह्या भावाला कडेवर घेऊन नुसतीच उभी होती. रामरावांनी विचारलं, "काऊन थांबली?"

आतून झुंबरबाई म्हणाल्या, "अस्वल नव्हतं हे समजलं, भाऊ. पण सून वेचणीले गेली, मले दिसत नाई. मंग लेकराले कोण पाहीन?"

खरी गोष्ट हीच होती आणि ती इतके दिवस अस्वलाआड दडली होती. पंचीने पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती घरात वळली.

"आण इकडं," रामराव म्हणाले.

काठी त्यांनी भिंतीला टेकवली. ज्या माणसाने स्वतःची पोरं कधी चारचौघांत उचलली नाहीत, त्याने भर गल्लीत ते शेंबडं पोर कडेवर घेतलं. पोराने आधी पटका ओढला, मग धोतर ओलं केलं. पंची पाटी घ्यायला आत धावली. सिंधू तिच्यासाठी थांबली आणि दोघी हात धरून बाकीच्यांमागे पळाल्या. दाराआडून पाहणारी अन्नपूर्णा पदराने डोळे पुसत होती. पोरी नाला उतरून पलीकडे चढेपर्यंत रामराव पोराला थोपटत तिथंच उभे होते.