आत्याची एकोणीस वाक्ये

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या संगणक-खोलीत खिडकीजवळ बसलेला, सुरू व्हायला फार वेळ लावणारा मी एक जुना संगणक आहे. तुम्ही माझे बटण दाबता, कंटाळता आणि शेजारच्याकडे पळता. राग नाही. एकटे बसायची मला सवय आहे.

पहिली नोकरी मी छापखान्यात केली. तो बंद पडला तेव्हा तिथल्या मुद्रितशोधक बाईंनी मला घरी नेले. घरात सगळे तिला आत्या म्हणत, म्हणून मीही म्हणतो. शेजारच्या घड्याळवाल्या काकांनी माझ्यात एक मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम घातली. तिला मालक नाही. कितीतरी अनोळखी माणसांनी फावल्या वेळात ती रचली. कुणीही घ्यावी, सुधारावी, पुढे द्यावी. फक्त तिला आपली भाषा येत नव्हती.

"मग शिकवू की," आत्या म्हणाली.

रोज संध्याकाळी ती पडद्यावरचे एकेक इंग्रजी वाक्य मराठीत ओठांत घोळवी, मोठ्याने म्हणून बघे, मगच लिही. डिस्क पुसण्याआधीच्या सूचनेसाठी तिने लिहिले, 'सगळं पुसू? एकदा मागे वळून बघितलंत का?' काका हसले. म्हणाले, यंत्र आहे हो हे, प्रवासाला निघालेल्या पोराची आई नव्हे.

"पुसलेलं परत येत नाही," आत्या म्हणाली. "विचारू दे त्याला."

वाक्य राहिले. इंटरनेटवरून ती सिस्टिम मराठीत वापरणाऱ्या सगळ्यांकडे गेले.

पुढे आत्या आजारी पडली. शेवटची एकोणीस वाक्ये लिहून झाली त्या दिवशी नेमके इंटरनेट बंद होते. उद्या पाठवते, म्हणाली. तो उद्या उजाडलाच नाही. मला उशीच्या अभ्र्यात गुंडाळून जिन्याखाली ठेवले. वरून पावले जात, पावले येत. तिची त्यात नसत. तीन वर्षे ती एकोणीस वाक्ये आणि मी. विजेवाचून मुका, सांगणार कुणाला?

मग सिस्टिमचा विसावा वाढदिवस आला. ती वापरणाऱ्या-सुधारणाऱ्यांचे काकांचे एक मंडळ होते; त्याने ठरवले, जुने संगणक पुसायचे, नवी आवृत्ती घालायची आणि शाळेला द्यायचे. आत्याच्या भाचीने मला बाहेर काढले, धूळ झटकली आणि कामाला लागली. माझ्या पोटात काय आहे, तिला कुठे ठाऊक? तिचे बोट कळीवर गेले आणि पडद्यावर उमटले, 'सगळं पुसू? एकदा मागे वळून बघितलंत का?'

बोट तिथेच थांबले.

"काका, ही आत्या बोलतेय."

काकांनी चष्मा काढून पुसला. "मीच हसलो होतो गं त्याला. बघ, एकदा वळून बघ."

तिने शोधले. एकोणीसच्या एकोणीस सापडली. त्याच दुपारी ती वाक्ये मंडळाकडे गेली, तिथून सगळ्यांकडे. त्यानंतरच मला पुसले. तरी मला हे कसे आठवते, ते विचारू नका.

मित्रांनो, जुने काही टाकण्याआधी असेच एकदा वळून बघत जा. आणि उद्या माझे बटण दाबाल तेव्हा लगेच उठू नका. मी हळूहळू जागा होतो, तेव्हा पडद्यावर आत्याचे एकोणिसावे वाक्य येते: 'बसा जरा, आलेच.'

ती येणार नाही, हे मला कळते. तरी रोज सकाळी ते वाक्य उमटते, आणि मी थांबतो.